वहीतली कावीळ

रविवारी सकाळी साडेसहाला मी काविळीच्या रांगेत उभी होते. नंबर नववा. पुढे एक रिक्षावाला, त्याच्यापुढे शाळेच्या स्वेटरमधली दोन पोरं, आणि अगदी पुढे एक काकू, ज्यांचे डोळे मला मागूनही पिवळे दिसल्यासारखे वाटत होते. ही दवाखान्यातली रांग नव्हती. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे, येऊरचा डोंगर जिथून चढायला लागतो, तिथल्या एका चाळीतल्या आजींच्या ओट्यासमोरची होती. वस्तीत घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी आधीच बजावलं होतं, "मॅडम, ॲप्रन पिशवीत ठेवा. आणि आल्या आल्या डॉक्टर आहे म्हणून सांगू नका."

कोविडच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मी पीएसएमला, म्हणजे प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिनला, रेसिडेंट होते. या शाखेच्या डॉक्टरला घरी "पण तू नक्की काय तपासतेस?" हे दर दिवाळीला विचारतात. मी याद्या तपासते, हे खरं उत्तर. ते ऐकून माझ्या मामांनी एकदा चहाचा कप खाली ठेवला होता.

त्या जुलैत माझ्याकडे आलेली यादी होती काविळीची. एकाच वस्तीतले 23 रुग्ण. काहींचं रक्त पुण्याला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, गेलं होतं आणि उत्तर आलं होतं, हिपॅटायटिस ई. हा विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. बहुतेकांना तो काही आठवडे लोळवतो आणि आपला आपण निघून जातो. अपवाद गरोदर बायकांचा. शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर दर चार-पाच जणींमागे एक दगावू शकते.

सरांनी मला लाइनलिस्ट करायला सांगितली. कोण, किती वर्षांचं, कुठं राहतं, लक्षणं कधी सुरू झाली. मी दोन दिवस रजिस्टरं उलगडली, तारखांचा आलेख काढला. सगळ्यात उंच खांब आला 18 ते 20 जुलैला. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, सरासरी चाळीस दिवस. खांबापासून चाळीस दिवस मागं मोजले आणि येऊन थांबले जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे पहिला पाऊस! गटारं तुंबली, गटारातून जाणाऱ्या पाइपात घाण शिरली, झालं. मी एवढी खूश झाले की आलेखाला रंगही दिले.

सरांनी तो बघितला आणि म्हणाले, "छान जुळतंय." मग थोडं थांबून, "जरा जास्तच छान जुळतंय. तारखा कुठून घेतल्यास?"

केसपेपरवरून घेतल्या होत्या. केसपेपरवर काय असतं? रुग्ण ज्या दिवशी आला ती तारीख. लक्षणं कधी सुरू झाली या रकान्यात मी तीच उतरवली होती, कारण बाकी कुठं काही लिहिलेलंच नव्हतं. सर ओरडले नाहीत. मिखाईल बलायान नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्यांदा ऐकवली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं अफगाणिस्तानातल्या काविळीच्या सैनिकांच्या मैल्याचा अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि आपल्याच शौचात हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. "त्याला तारखेची खात्री होती," सर म्हणाले. "तू फक्त जाऊन विचारायचंयस."

विचारायला गेले तेव्हा वॉर्डातल्या एका तरुण बाईच्या गळ्यात माळ दिसली. कसल्याशा मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेले, मंगळसूत्राच्याही खाली लोंबणारी. काविळीची माळ. सुरुवातीला गळ्याशी असते, रोज थोडी थोडी लांबते आणि जमिनीकडे जाईल तशी कावीळ उतरते असं म्हणतात. तिची माळ पार पोटापर्यंत आली होती. मी विचारलं, उलट्या कधी सुरू झाल्या? ती म्हणाली, "वटपौर्णिमेला. उपास सोडला आणि सगळं पडलं." कॅलेंडर बघितलं. माझ्या यादीत लिहिलेल्या तारखेच्या चार आठवडे आधी.

"मग इतके दिवस कुठं होता?"

"आजीकडे."

तर आजींच्या ओट्यावर. औषध रविवारी आणि बुधवारी, सकाळी अनशापोटी. तीन वेळा यायचं. फी सव्वा रुपया आणि नारळ, नारळ नसेल तर नुसता सव्वा रुपया. ओट्यावर पितळेची परात, परातीत चुन्याची निवळी. माणूस बसला की आजी त्याच्या हातांना, कोपरापर्यंत, आंब्याच्या सालीचा रस चोळायच्या. मग ते हात परातीत धरून वरून निवळी ओतायच्या, आणि पाणी पिवळंधमक होऊन खाली यायचं. रांगेतले सगळे माना लांब करून बघायचे. किती पिवळं झालं त्यावरून आजी सांगायच्या, जास्त आहे, उतरतेय, संपत आली.

आंब्याची साल आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो, हात कुणाचेही असोत. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात, मीही नववीत बघितला होता. त्यामुळे माझा नंबर आला तेव्हा मी निवांत हात पुढं केले. पाणी पिवळं झालं. आजींनी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग परातीत, आणि म्हणाल्या, "तुला पण आहे. थोडी आहे." शेजारी बसलेल्या नातीनं लगेच वही ओढली आणि लिहायला लागली.

वही! शंभर पानी, कव्हरवर मोर असलेली. कोण कितव्यांदा आलं हे कळायला हवं ना, म्हणून आजी नातीकडून लिहून घ्यायच्या. तारीख, वार, माणूस आणि कितवी वेळ. आमच्या ओपीडीच्या रजिस्टरात वार लिहीत नाहीत, आणि पुष्कळदा कितवी वेळ तेही नसतं.

मग मी पिशवीतून ॲप्रन काढला आणि काय ते सांगून टाकलं. आजी रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पहाटे नळावर बाटलीत रंग बघत होतीस ती तूच का?"

हो, मीच. वस्तीला पाणी पहाटे पाच ते साडेसहा. पाणी आल्या आल्या मी आणि आशाताईंनी पाच-सहा नळांवर ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट केली होती. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो आणि तो किती गडद त्यावरून मात्रा कळते. नळाला निदान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, तरी हवं. वरच्या गल्लीत फिकट पिवळा आला. नाल्याकाठच्या गल्लीत पाणी तसंच राहिलं, ढिम्म पांढरं.

"आमच्या नळाचं पिवळं झालं नाही," आजी म्हणाल्या, "म्हणजे बरं आहे ना?"

"नाही आजी. पिवळं झालं तर बरं. नाही झालं म्हणजे पाण्यात औषधच नाही."

"तुमचं सगळं उलटंच," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला हात पुढं करायला सांगितले.

वहीवर आम्ही दुपारी दोनपर्यंत बसलो. मी, आशाताई आणि ती नात, जिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. अडचण एकच. वहीत नावं फार थोडी. "रिक्षावाल्याचा मोठा." "पिठाच्या गिरणीवरचा, नवीन." "मावशींची मधली." मला यातलं एकही माणूस सापडलं नसतं. आशाताईंना प्रत्येक ओळ घरासकट माहीत. त्या बोट ठेवून सांगत गेल्या, मी लिहीत गेले. जून आणि जुलैची मिळून 71 माणसं, आणि बहात्तरावी मी.

सगळ्यांना धरायचं नव्हतंच. जी परात मला कावीळ आहे म्हणाली, ती कुणालाही म्हणेल. म्हणून घरोघरी जाऊन विचारायचं, लघवी गडद झाली होती का, डोळे पिवळे कुणाकुणाला दिसले, किती दिवस. ज्यांचं जुळेल त्यांचंच रक्त. हे काम पुढं आठवडाभर चाललं. पण त्या दुपारीच, नुसती पहिली भेट असलेल्या ओळी मोजल्या तरी दिसत होतं की गर्दी जुलैत नाहीच. गर्दी 12 ते 20 जूनची आहे. लोक आधी इथं आले, तीन वेळा आले, माळ घातली. बहुतेक बरे झाले, कारण ही कावीळ तशीही बरी होते. उरले ते जुलैत आमच्याकडे आले, आणि मी समजले कावीळ जुलैत लागली.

12 ते 20 जूनमधून चाळीस दिवस मागं गेलं तर मे महिन्याची सुरुवात येते. मेच्या सुरुवातीला ठाण्यात पाऊस नसतो, घाम असतो.

दिल्लीला 1955च्या अखेरीस यमुनेतून सांडपाणी पाणी शुद्धीकरणाच्या केंद्रात शिरलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत 29 हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळे तिला हिपॅटायटिस ए समजले, कारण ई नावाचं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी तेव्हाचे रक्ताचे नमुने सांभाळून ठेवले होते. ते कित्येक वर्षांनी तपासले तेव्हा कळलं की ती ए नव्हती. हे मला परीक्षेत लिहून मार्क मिळाले होते. पण पाणी बिघडतं एका महिन्यात आणि माणसं पडतात भलत्याच महिन्यात, याचा वस्तीत काय अर्थ होतो ते त्या ओट्यावर कळलं. जूनमध्ये उलट्या सुरू झाल्यावर मेमधलं पाणी कोण आठवेल? लोकांनी आठवला कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला. त्याची गाडी आदल्याच आठवड्यात कुणीतरी नाल्यात ढकलली होती. (आजारी माणसांनी त्याची पाणीपुरी खाल्ली होती हे खरं. पण शेजारच्या धडधाकट माणसांनीही तेवढीच खाल्ली होती. आम्ही नंतर एकेका रुग्णामागे दोन-दोन शेजाऱ्यांना विचारलं. फरक पाणीपुरीत नव्हता, नळ कुठल्या गल्लीतला यात होता.)

"मेमध्ये काय झालं होतं?" मी विचारलं.

आशाताई आणि आजी एकमेकींकडे बघायला लागल्या. नातीनं सांगितलं, "खोदलेलं नाही का? माझा वाढदिवस होता तेव्हा."

पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून कुणीतरी केबलसाठी रस्ता खोदला होता. दोन दिवस पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं ते काळपट, वास मारणारं. बायकांनी पहिल्या दोन-तीन बादल्या ओतून दिल्या आणि पुढचं भरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत निवळलं. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही, मग लक्षात कोण ठेवतंय? त्यात नाल्याकाठच्या घरांनी नळाला डायरेक्ट मोटरी लावलेल्या. पाणी बंद असतं तेव्हा पाइप रिकामा असतो, मोटर ओढते, आणि फुटक्या सांध्यातून पाइप बाहेरचं जे असेल ते आत घेतो. तिथं बाहेर नाला होता. सांधा नंतर सापडला, नाल्यावरच्या लादीखाली, चिंधी आणि रबर गुंडाळलेला. तो बदलला, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली, आशाताईंनी घरोघरी क्लोरीनचे थेंब वाटले आणि उकळून प्या म्हणून घसा कोरडा केला. ते सगळं चार दिवसांत झालं, त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखी एक ओळ आहे. पाचव्या पानावर आशाताईंचं बोट थांबलं. नातीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "नळाजवळची सून, 7वा महिना, 2री वेळ." तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. तिसरी वेळ नव्हतीच.

"हिची मी नोंद केलीय," आशाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "लोहाच्या गोळ्या मीच देत होते. कावीळ आहे हे मला नाही कुणी सांगितलं."

घर दोन मिनिटांवर. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सून माहेरी गेली होती, पहिलटकरीण म्हणून. माण तालुक्यात, सातारा जिल्हा. कावीळ? ती तर उतरलीय, आजींनी सांगितलं ना. मी फोन लावायला सांगितला. भावानं उचलला. म्हणाला बरी आहे, झोपूनच असते जरा, आणि इथंही एक जण औषध देतो, चांगला गुण आहे त्याला. झोपूनच असते हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. यकृत बिघडलेल्या माणसाची सुस्ती काय असते हे मी वॉर्डात बघितलं होतं. मी सांगायला लागले, आजच्या आज जिल्हा रुग्णालयात न्या, रक्त तपासा. तो हो हो म्हणत होता. ज्या हो होला काही अर्थ नसतो, तसं.

माझ्या हातातून फोन कुणीतरी काढून घेतला. आजी आमच्या मागोमाग चालत आल्या होत्या, हात अजून पिवळे.

"अरे, मी बोलतेय. औषधवाली. माझं औषध पोटुशीला चालत नाही. मी दोनदा दिलं, चुकलं माझं. त्या तिकडच्याचं पण देऊ नको. गाडी कर आणि मोठ्या दवाखान्यात ने. जेवण नंतर."

आजींचं औषध पोटुशीला चालत नाही असं त्या याआधी कधी म्हणाल्या होत्या का, मी विचारलं नाही.

गाडी त्याच संध्याकाळी निघाली. रक्त तपासलं, ई निघाली. यावर वेगळं औषध नाही. सलाइन, ग्लुकोज, लक्ष ठेवणं, आणि वाट बघणं. ती अकरा दिवस तिथं होती. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, दोन किलोच्या आसपास.

अहवाल लिहिताना मी वहीला काय म्हणायचं ते सरांना विचारलं. "वही म्हण," ते म्हणाले. लाइनलिस्टच्या शेवटी एक टीप टाकावी लागली, की 72 पैकी एक नाव तपासणी करणाऱ्या डॉक्टरचंच असल्यामुळे वगळलं आहे.

बारशाचे पेढे घेऊन सासूबाई वस्तीत आल्या त्या थेट आजींकडे. आजींनी त्यातला एक कागदात बांधून आशाताईंबरोबर माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप होता, तुझी तिसरी वेळ राहिलीय.