डायपरमधली भुकटी आणि चमचाभर मीठ

शोषक पदार्थांचा प्रयोग वर्गात करायचा असेल, तर कापूस, टिपकागद आणि स्पंज यांच्या जोडीला बाळाच्या कोऱ्या डायपरमधली भुकटी अवश्य घ्यावी. डायपर मोठ्या पिशवीत उसवून झटकला की लगद्यातून मिठासारखे पांढरे कण खाली जमतात. हेच पाणी शोषणारे बहुवारिक (लांब रेणुसाखळ्यांचा पदार्थ), सोडिअम पॉलीअ‍ॅक्रिलेट. (ते नाकातोंडात जाऊ नये म्हणून हे काम शिक्षकाने स्वतः, मास्क लावून करावे.)

अर्धा ग्रॅम भुकटीवर 100 मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाणी ओतले, की थोड्याच वेळात पेला उपडा केला तरी पाणी सांडत नाही आणि वर्गात एकच गलका होतो. बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच आटोपतो, याची मला फार हळहळ वाटते. त्याच जेलमध्ये चमचाभर मीठ घालून ढवळले, की घट्ट गोळा मुलांच्या डोळ्यांदेखत सैल पडतो आणि त्याला पाणी सुटू लागते. 'असे का?' हा प्रश्न तेव्हा कुठे उभा राहतो.

कापूसही सेल्युलोज या बहुवारिकाचाच, पण तो बरेचसे पाणी तंतूंमधल्या फटींत धरतो, म्हणून पिळला की ते बाहेर येते. भुकटीच्या लांब रेणुसाखळ्यांवर मात्र ऋणभारित गट असतात. त्यांच्या सोबतचे सोडिअम आयन जाळ्यातच अडकून राहत असल्यामुळे परासरणाने (जास्त आयन असलेल्या बाजूकडे पाणी सरकण्याच्या क्रियेने) पाणी आत ओढले जाते, आणि साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडलेल्या असल्याने जेल फुगते, पण विरघळत नाही. बाहेरच्या पाण्यात मीठ आले की आतल्या-बाहेरच्या आयनांमधला फरक घटतो आणि ही ओढ कमी होते. म्हणूनच शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट शोषणारी भुकटी खारट द्रव साधारण 30 ते 60 पटच शोषते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातही ती कमी फुगते, कारण कॅल्शिअमचे आयन साखळ्यांना एकमेकींजवळ बांधून टाकतात.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने कोरडवाहू शेतीसाठी असेच पाणी धरून ठेवणारे, सेल्युलोजवर आधारित 'पुसा हायड्रोजेल' तयार केले आहे. ते खारपाणपट्ट्यात (विदर्भातल्या खारट पाण्याच्या भागात) कितपत चालेल, असे मुलांनी विचारले, तर अकोल्याकडची माती पाण्यात कालवावी, ते पाणी गाळून घ्यावे आणि त्याच्यावर हाच प्रयोग त्यांच्याकडूनच करून घ्यावा.