घरासाठी साखळी-करवत

वादळी पावसात परड्यातल्या फणसाची मांडीएवढी जाड फांदी मोडून पडली, म्हणून आज चिपळूणच्या बाजारात चेनसॉ पाहायला गेलो. दुकानदाराने प्रथम 58 सीसीची, 22 इंची पात्याची पेट्रोलवरची करवत पुढे केली. ती स्वस्तही होती. परंतु वर्षातून चार-पाच वेळाच लागणाऱ्या यंत्रासाठी पेट्रोलमध्ये टूटी (2T, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल मोजून मिसळणे आणि टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर तुंबला की दोरी ओढत बसणे मला परवडणारे नव्हते. शिवाय लांब पाते सवय नसलेल्या हाताला आवरत नाही, आणि त्याचे टोक लाकडाला लागले तर करवत उसळून थेट तोंडाकडे येते.

शेवटी 16 इंची, 2000 वॅटची विजेवरची करवत घेतली. करवत उसळली तर साखळी थांबवणारा ब्रेक हाताने पुढे ढकलून, तो खटकन बसतो हे पाहिल्याशिवाय मी पैसे दिले नाहीत. तिला साधा 6 अँपिअरचा प्लग चालत नाही. 16 अँपिअरचा लागतो, आणि बारीक, लांबलचक वायर जोडली तर मोटर तापते, म्हणून जाड वायरही आणली.

संध्याकाळी फांदीचे ओंडके केले. फणसाचा चीक साखळीला चिकटला होता. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसून, चेन ऑइल घालून ठेवले. साखळीला धार लावायची गोल कानस मात्र उद्याच आणावी लागेल.