तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा कागद

पाहुण्यांच्या हातात चहाचा कप आला की त्यांची नजर समोरच्या भिंतीवर जाते आणि प्रश्न येतो, “ही चित्रं कुठून घेतली? महाग असतील ना?” कागद कापून केलीत म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला: “मग मला जमेल का?” उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून काढते.

सुरुवात खिळ्यांपासून झाली. घर भाड्याचं, भिंतीला नवीन खिळा ठोकायचा नाही ही मालकांची अट. आधीचे भाडेकरू चार खिळे मागे ठेवून गेलेले, तेही एका ओळीत नाहीत. आधी खिळे, मग त्यांवर मावतील अशा फ्रेमी आणि शेवटी चित्रं, अशा उलट्या क्रमानेच सगळं झालं. आता मला तोच क्रम बरोबर वाटतो. आधी चित्र करून मग त्याच्या मापाची फ्रेम बनवायला गेलात की स्वस्ताई तिथेच संपते.

फ्रेमी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या. बुधवारी किंवा रविवारी जायचं आणि आतलं चित्र न बघता लाकूड बघायचं. तीन फ्रेमींचे 280 रुपये पडले. एकीची काच तडकलेली निघाली, ती बदलायला 70. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, फ्रेमवाल्याकडून कापून घेतले, तिन्हींचे 180. मागे लावायला हातकागदाचे दोन ताव 70, काळा कार्डपेपर आणि घोटीव कागद मिळून 30, ब्लेडं 30. एकूण 660. माउंट घरी कापून पैसे वाचवायला जाऊ नका. तिरका काप घरच्या कटरने सरळ येत नाही, आणि वाकडा माउंट दारातूनच दिसतो.

माउंट शोभेसाठी असतो असं मलाही वाटायचं. पहिलं चित्र मी कागद थेट काचेला टेकवून बसवलं होतं. जुलैत भिंतीला ओल आली, काचेच्या आतून दमटपणा धरला आणि कागद जागोजागी काचेला चिकटला. सोडवायला गेले तर निम्मा काचेवरच राहिला. माउंटचा पुठ्ठा दीडदोन मिलिमीटर जाडीचा असतो. काच आणि कागद यांच्यात तेवढी हवा राहते. आता फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडेही चिकटवते, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही.

कागदाबद्दल. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद वर्तमानपत्रासारखा वर्षभरात पिवळा पडत नाही, म्हणून मागची बाजू त्याची. पण बारीक कापकामाला तो बरा नाही, ब्लेडखाली त्याचे धागे ओढले जातात. त्यासाठी साधा गुळगुळीत कार्डपेपर, 120 ते 160 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा).

पहिलं चित्र तुळशी वृंदावनाचं करा. कागद दुमडायचा, घडीच्या बाजूने अर्धंच वृंदावन काढायचं आणि कापायचं. घडीची बाजू मात्र कापायची नाही. हे सांगूनही प्रत्येकजण एकदा कापतोच आणि हातात दोन अर्धी वृंदावनं येतात. आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. कड आधी सुटली तर धरायला काही उरत नाही. वळणावर हात वळवू नका, कागद फिरवा. आणि ब्लेडाचा लोभ धरू नका. बोथट ब्लेड कापत नाही, फाडतं.

खरी गंमत अक्षरं कापण्यात आहे. आपली लिपी जणू यासाठीच केलीय. मी ‘अंगण’ हा शब्द कापला. ग आणि ण यांचे दोन-दोन तुकडे, पण सगळे वरच्या शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखे लटकतात. एका कागदात अख्खा शब्द सलग निघतो. अडतं ते अनुस्वारापाशी. तो बिचारा अधांतरी. माझा पहिला अनुस्वार टेबलावरून उडाला आणि केरात गेला, भिंतीवर दोन दिवस ‘अगण’ होतं. सासूबाईंच्या लक्षात आलं, माझ्या नाही. आता अनुस्वाराला शिरोरेषेपर्यंत बारीक देठ ठेवते. लांबून तो कुणाला दिसत नाही.

मथुरा-वृंदावनची सांझी बघितल्यावर या देठाचं महत्त्व आणखी कळलं. तिथे कागदात गाई, झाडं, मोर कात्रीने कोरतात आणि त्या साच्यातून रंग गाळून पितृपक्षात मंदिरातल्या जमिनीवर चित्र उमटवतात. साचा उचलताना तुटू नये म्हणून प्रत्येक आकार शेजारच्याला कुठेतरी धरून असतो. ती धरून ठेवायची जागा इतक्या खुबीने लपवलेली असते की मोराच्या पिसांत शोधत बसावं लागतं. आपले पत्र्याचे रांगोळीचे छापे याच कुळातले, फक्त जास्त रांगडे.

चिकटवताना फेविकॉल सगळीकडे फासू नका, त्यातल्या पाण्याने कागदाला सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिकचे चार-पाच ठिपके पुरतात. खळ तर नकोच. तिच्यावर कसर येते.

तिसरं चित्र, खिडकीशेजारचं, लाल घोटीव कागदाचं आहे. पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडाला. पाहुणे नेमकं त्याच्यासमोर थांबतात आणि विचारतात, असा सुंदर मळकट गुलाबी कागद कुठे मिळतो?