स्नॉर्केलच्या आधी ब्रीदर

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गावाकडे जशी घराची शाकारणी उरकून घेतात, तशी मी दर वर्षी मेच्या अखेरीस माझी २०१४ ची महिंद्रा थार कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन उभी करतो. आमचे मूळ गाव कासारी नदीच्या काठी आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये गावाच्या अलीकडच्या सखल रस्त्यावर आठ-दहा दिवस तरी पाणी साचलेले असते. पाण्यात गाडी घालण्याच्या तयारीबद्दल मला जे काही समजते, त्यातील बराचसा भाग मी स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलो आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, म्हणजे ४३ फुटांच्या धोका पातळीपेक्षाही १२ फूट अधिक, आणि शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. त्या महापुरानंतर घाईघाईने मी गाडीला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, बसवून घेतले आणि आता आपली गाडी पाण्यासाठी तयार झाली, अशी माझी पक्की समजूत झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला. पाणी ओसरू लागल्यावर काकांच्या जनावरांसाठी पेंड आणि औषधे घेऊन मी गावाकडे निघालो, शहरापासून न थांबता आलो आणि तशीच तापलेली गाडी गुडघाभर पाण्यात घातली. पलीकडे सुखरूप पोहोचलो, स्वतःवर खूशही झालो. दोन महिन्यांनी मागच्या बाजूने घरघर ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या घराचा, खालचा बोल्ट सैल केला, तेव्हा आधी पाणी आणि मग दुधाळ कॉफीसारखे ऑइल बाहेर आले. मिस्त्री एवढेच म्हणाले, “नाक वर केलासा, पर पोट उघडंच ठेवलासा की.”

डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद पाठवणारा भाग) ही ऑइलने भरलेली बंद घरे असतात. चालताना ती तापतात आणि आतली हवा प्रसरण पावते, म्हणून ती हवा बाहेर जाण्यासाठी प्रत्येकावर एक छोटा ब्रीदर ठेवलेला असतो. हात लाववत नाही इतके गरम झालेले हे घर एकाएकी थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकुंचन पावते आणि आत पोकळी निर्माण होते. ती भरून काढण्यासाठी घर जिथून मिळेल तिथून आत ओढू लागते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, आणि तो चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत शिरते. सील ऑइलला बाहेर जाण्यापासून रोखण्यासाठी बनवलेले असते, बाहेरचे पाणी अडवण्याचे काम त्याला तितकेसे जमत नाही. पाणी मिसळलेल्या ऑइलची वंगणशक्ती जाते, बेअरिंग खरवडू लागतात, आणि हे सारे पाण्याशी आपला संबंध संपल्यानंतर कितीतरी दिवस गुपचूप चालू राहते.

यावरचा उपाय स्नॉर्केलच्या तुलनेत हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे. मूळ ब्रीदर काढून तिथे नळीचा जोड बसवायचा आणि ऑइल व उष्णता सोसणारी नायलॉनची नळी चासीच्या कडेने इंजिनाच्या खणात, बॉनेटच्या अगदी खालपर्यंत वर न्यायची. मागच्या ॲक्सलला नळी देताना चाक पूर्ण खाली लोंबकळले तरी ती ताणली जाणार नाही इतकी ढिलाई ठेवावी लागते, आणि सायलेन्सरजवळून ती कदापि नेऊ नये. वरच्या टोकाला छोटा फिल्टर लावला की धूळही जात नाही. मिस्त्री दर वर्षी त्या टोकाला तोंड लावून फुंकतात. फुंकर अडली तर नळीत कुंभारमाशीने घर केले आहे असे समजायचे. एकदा खरोखरच केले होते.

स्नॉर्केलचे महत्त्व मी कमी करत नाही. हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते दाबले जात नाही, पिस्टन अर्ध्यात अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात मुळातच दाब जास्त असल्यामुळे हे नुकसान अधिक वाईट असते, आणि त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली नसेल तर बहुधा पैसेही मिळत नाहीत. मात्र तोंड छतापर्यंत नेले म्हणून काम संपत नाही. एअर फिल्टरच्या डब्याला तळाशी निचऱ्याचे भोक असते, डब्याला झाकणाचा सांधा असतो आणि नळ्यांना क्लिपा असतात. यांतील एक जरी जागा सैल राहिली, तरी इंजिन पाणी तिथूनच पिते. आमच्याकडची चाचणी सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर क्षणभर जाड रबराचा तुकडा धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडू लागले तर सांधे घट्ट आहेत; ते निवांत चालतच राहिले, तर हवा दुसरीकडून येते आहे. माझे पहिले स्नॉर्केल या चाचणीत सपशेल नापास झाले होते.

विजेच्या बाबतीत कनेक्टर उघडून कोरडे करणे आणि पाणी न धरणारे ग्रीस भरणे एवढे पुरते. इंजिनाचा संगणक आणि फ्यूज बॉक्स आपल्या गाडीत किती उंचीवर आहेत, हे मात्र प्रत्येकाने वाकून पाहावे.

नव्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर आणि कारखान्यातूनच स्नॉर्केल घेऊन येणाऱ्या फोर्स गुरखासाठी ७०० मिलिमीटर इतकी पाण्याची खोली चालेल असे सांगते. साडेसहाशे मिलिमीटर म्हणजे माझ्या गुडघ्याच्या वर जेमतेम वीतभर. हा आकडा साचलेल्या पाण्याचा समजावा, वाहत्या पाण्याचा नव्हे. चार मीटर लांब आणि सुमारे १.७ मीटर रुंद गाडीचा तळ ३० सेंटिमीटर पाण्याखाली गेला, की ती साधारण दोन टन पाणी बाजूला सारते, आणि गाडीचे स्वतःचे वजन असते पावणेदोन टनांच्या आसपास. आत पाणी शिरेपर्यंत ती तरंगू पाहते, चाकांची पकड सुटते, आणि मग फोर व्हील ड्राइव्ह असून नसून सारखेच. आमच्या भागात पंचगंगेचे पाणी शेतांत पसरते तेव्हा संथ दिसते. पण तेच पाणी मोरीवरून किंवा कठडे नसलेल्या बंधाऱ्यावरून जाताना एकवटते आणि वेग धरते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यामुळे बुडालेल्या बंधाऱ्यावर मी गाडी घालत नाही, आणि गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पोलिसांनी अडथळे लावले असतील तर वाद न घालता मागे फिरतो.

उरलेल्या साचलेल्या पाण्यात आधी काठी घेऊन चालत जातो आणि जिथे चालवत नाही तिथे गाडी नेत नाही. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे गाडी थंड होऊ देतो. २०२१ मध्ये मी नेमके हेच केले नव्हते. रेडिएटरसमोर ताडपत्रीचा तुकडा बांधतो, कारण इंजिनाला जोडलेल्या पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला भोक पाडू शकतात आणि पुराबरोबर आलेला उसाचा पालाही त्यात अडकतो. काचा खाली, सीट बेल्ट मोकळा, फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणाऱ्या स्थितीत) दुसरा गिअर आणि चालत्या माणसापेक्षा किंचित जास्त वेग. या वेगाने पुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनाच्या खणातील पातळी थोडी खाली राहते. मध्येच थांबलो तर ती लाट परत अंगावर येते. पाण्यात क्लच दाबून गिअर बदलायचा नाही. गाडी बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह आवरून तिला ओढून बाहेर काढायचे आणि फिल्टरचा डबा उघडून तो कोरडा आहे का, हे आधी पाहायचे.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जातो, म्हणजे लायनर सुकतात. दुसऱ्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, प्रत्येक डिफरन्शियलचा खालचा बोल्ट जरासा ढिला करतो. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे आत शिरले असेल तर तेच आधी टपकते. गेल्या पावसाळ्यात चार वेळा ढिला केला. चारही वेळा बोटावर नुसते ऑइल आले.