रायपूर ते बिलासपूर, महानदीच्या काठाने: छत्तीसगडमधली विटांची देवळं

छत्तीसगडला जायचं म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक लोक थेट बस्तर गाठतात. रायपूर आणि बिलासपूर ही स्टेशनं हावड्याच्या गाडीत झोपेतच मागे पडतात. या दोन शहरांच्या मध्ये, महानदीच्या बाजूने, तीन दिवसांचा एक वळसा आहे. सातव्या शतकातलं विटांचं बांधकाम इतक्या जवळून आणि इतक्या शांतपणे फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं.

पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली किंवा हावडा मेल रायपूरला सोडते. परतीचं तिकीट बिलासपूरहून काढा. बसवर विसंबून हा वळसा तीन दिवसांत होत नाही, भाड्याची गाडीच हवी. गाडी बिलासपूरला सोडली तर रिकाम्या परतीचे किलोमीटरही लावतात, ते आधीच बोलून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. देवळांच्या चौथऱ्यांवर चपला काढाव्या लागतात, आणि मार्चनंतर दुपारी तो दगड पायाला चटके देतो. जाड मोजे जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी रायपूरहून आरंग, सुमारे 36 किलोमीटर. गावातलं भांड देवल हे अकराव्या शतकातलं जैन मंदिर चुकवू नका. गाभारा कुलपात असेल तर राखणदाराला शोधून उघडून घ्या, कारण आतल्या तीन उंच, तुकतुकीत काळ्या तीर्थंकरमूर्ती गजांमधून नीट दिसत नाहीत. पुढे महामार्गावर कुहरीच्या फाट्याला डावीकडे वळलं की साधारण 17 किलोमीटरवर सिरपूर.

इथे बहुतेकांची एक चूक होते. दुपारी पोचतात, लक्ष्मण मंदिर पाहतात आणि संध्याकाळी रायपूरला परततात. मंदिर पूर्वाभिमुख आहे, दुपारी दर्शनी बाजू सावलीत जाते आणि कोरीवकाम सपाट दिसतं. म्हणून मुक्काम सिरपूरलाच करा. पर्यटन मंडळाचं निवासस्थान आहे. जेवण पोचण्याआधी फोन करून सांगा, गावात ऐनवेळी फारसं काही मिळत नाही.

दुपार सुरंग टीला हे उंच चौथऱ्यावरचं मंदिर आणि बौद्ध विहारांना द्या. सुरंग टीलाच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि लाटेसारख्या खचलेल्या आहेत. चढणं सोपं, उतरताना तोल जातो. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिरपं उतरा. तीवरदेव विहाराच्या दारचौकटीवर माकड आणि मगरीची गोष्ट कोरलेली आहे, ती मुलांना शोधायला लावा. नदीकाठचं गंधेश्वर हे शिवमंदिर नागपूरकर भोसल्यांच्या काळात पुन्हा उभं राहिलं. आवारात आसपासच्या पडक्या वास्तूंमधल्या मूर्ती, बुद्धासकट, मांडून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मण मंदिर. सिरपूरचा राजा महाशिवगुप्त बालार्जुन याची आई वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते बांधवलं. विटा इतक्या घट्ट बसवल्या आहेत की सांधा शोधावा लागतो. भिंत उभी राहिल्यावर तिच्यावरच कोरीवकाम झालं, म्हणून एकच नक्षी तीन-चार विटांवरून सलग जाते. खोट्या खिडक्यांपाशी हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ओझं पेलणारी दारचौकट मात्र दगडी, वर शेषशायी विष्णू. दीड तास तरी काढा.

तिथून कसडोलमार्गे शिवरीनारायण. रस्ता बारनवापारा अभयारण्याच्या बाजूने जातो. नकाशा कधीकधी जंगलातली आडवाट सुचवतो, ती घेऊ नका. पेट्रोल आरंगलाच भरा आणि अंधाराआधी जंगल ओलांडा. वाटेत गिरौदपुरी हे सतनामी पंथाचे गुरू घासीदास यांचं जन्मस्थान लागतं. तिथला पांढरा जैतखाम (सतनामींचा जयस्तंभ) 77 मीटर उंच आहे, म्हणजे कुतुबमिनारापेक्षाही जास्त. शिवरीनारायणजवळ खरौदला विटांचीच इंदल देऊळ आणि शबरी मंदिर आहेत. सिरपूरनंतर लगेच पाहिली की घराणं एकच असल्याचं कळतं. मग मल्हारचं पाताळेश्वर (गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं) आणि रात्री बिलासपूर.

तिसरा दिवस तालाचा. नकाशात नुसतं ‘ताला’ टाकलंत तर बांधवगडच्या ताला गेटकडे पोचाल, म्हणून ‘देवरानी-जेठानी मंदिर’ असं शोधा. बिलासपूरहून सुमारे 30 किलोमीटर, मनियारी नदीच्या काठी. देवरानी-जेठानी म्हणजे धाकटी आणि थोरली जाऊ. थोरलीचं देऊळ आता दगडांचा ढीग आहे, धाकटीचं दार अजून शाबूत. उत्खननात मिळालेली नऊ फुटी रुद्रशिवाची मूर्ती इथे जाळीबंद ठेवली आहे. ती वरून खाली वाचायची: डोक्याला सापांचं पागोटं, नाकाच्या जागी सरडा, मिशा माशांच्या, हनुवटी खेकड्याची, कान मोरांचे, मग छाती, पोट आणि मांड्यांवर माणसांचे चेहरे, गुडघ्यांवर सिंहमुखं. फोनची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवली तरच फोटो स्वच्छ येतो.

गाडीला वेळ असेल तर 25 किलोमीटरवरचं रतनपूर करा. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांची फौज इथे आली आणि 1758 पासून 1787 पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी इथून कारभार पाहत होते. रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं. महामायेच्या देवळात नवरात्रात प्रचंड गर्दी असते, ते दिवस टाळून जा.