आमची वाटचाल: भोसरीचा गाळा ते आज

सुरुवातीला आमच्या सॉसेजच्या धंद्यात किमा बारीक करायचा एक सेकंडहँड बाऊल कटर, किमा भरायचा हाताने फिरवायचा फिलर आणि पार्टनर म्हणून माझा मेव्हणा, बस. पण प्रोब थर्मामीटर, म्हणजे मालात खुपसून आतलं तापमान बघायचा, तो मात्र पहिल्या दिवसापासून चांगलाच घेतला. अख्ख्या मटणाचे जंतू बहुतेक वरच असतात, किमा केला की ते आत जातात, म्हणून सॉसेज शिजवायच्या टाकीचं पाणी ८० अंशाला आहे याने काही होत नाही, सगळ्यात जाड सॉसेजच्या मधोमध ७२ दिसल्याशिवाय आमचा माल बाहेर येत नाही. साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू ७२ ला मरतात.

मग ते लग्न आलं. एका मोठ्या केटररकडे पाहुण्यांची पोटं बिघडली आणि त्याने सरळ आमच्या चिकन सॉसेजवर ढकललं. आमच्याच लाईनमधला एक जण, ज्याचा रेट कायम आमच्यापेक्षा कमी, मार्केटभर सांगत सुटला की यांचा माल कच्चा असतो. त्या बॅचचं रजिस्टर होतं, राखून ठेवलेलं सॅम्पल होतं, लॅबचा रिपोर्ट क्लीन आला, तरी हॉटेलं तुटली ती तुटलीच. पगार बायकोच्या बांगड्यांवर केले. केटररने पेमेंट आजतागायत दिलेलं नाही.

तेव्हा कॅम्पातले बेकरीवाले चाचा स्वतः युनिटला आले, टाकीतून सॉसेज उचललं, प्रोब खुपसला, आकडा बघितला आणि म्हणाले, "उद्यापासून डबल पाठव." त्यांच्या ऑर्डरवर आम्ही तगलो. नंतर गाळा वाढला, चिलर आला, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

नवीन पोरांना सांगतो, प्रोब आधी बर्फाच्या चुऱ्यात तपासा, ० यायला पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासाल तर पुण्यात ९८ च्या आसपास येतं, १०० नाही, उगाच मशीनला दोष देऊ नका. आणि शिजलं म्हणजे सुटलो असं नाही, काही जंतूंचे बीजाणू ७२ लाही जगतात, माल सावकाश गार झाला की ते वाढतात. म्हणून लगेच गार पाण्याचा शॉवर, ५४ वरून २७ ला दीड तासात आणि तिथून ४ ला पुढच्या पाच तासांत. शिजलेल्या सॉसेजवरचं केसिंग, म्हणजे आवरण, सोलणारा माणूस कच्च्या बाजूला फिरकता कामा नये, नाहीतर शिजलेल्या मालाला पुन्हा जंतू लागतात. २०१७-१८ ला साउथ आफ्रिकेत पोलोनीतल्या (जाड सॉसेजचा एक प्रकार) लिस्टेरियाने दोनशेच्या वर माणसं गेली, आणि पोलोनी शिजवलेलाच माल असतो. वेगळे एप्रन, वेगळे बूट, वेगळा दरवाजा, यात पैसे वाचवू नका.