उलटे कोंबडे

गेल्या मंगळवारी मी दुकानात पोचले तेव्हा मास्टरांनी कात्री खाली ठेवली होती आणि टेबलावर निळ्या कापडाचे दोन भाग शेजारी शेजारी पसरले होते. एकावरचे कोंबडे ताठ उभे, दुसऱ्यावरचे खाली डोकं वर पाय. माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

डोंबिवलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस गल्लोगल्ली शिवून मिळतात. माझ्याकडे लोक येतात ते मोठमोठ्या चित्रांच्या कापडाचे टॉप शिवायला. रिक्षा, पोपट, पतंग, मासे, चहाचे ग्लास, सायकली. हे काम दिसतं सोपं, कारण टॉप म्हणजे शेवटी पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाह्या. पण साध्या कापडाला जी चूक खपते ती चित्राच्या कापडाला खपत नाही. बारीक बुट्टीचं कापड दोन सूत सरकलं तर कोणाला कळतं? इथे मात्र पोपटाची चोच बगलेत जाते आणि सूर्यफूल नेमकं छातीच्या टोकावर बसतं. असा टॉप घातलेली बाई दिवसभर ओढणी सावरत राहते आणि तिला वाटतं आपल्यालाच भडक कापड शोभत नाही. दोष कापडाचा नसतो, बेतणाऱ्याचा असतो.

कोंबड्यांचं कापड एका काकूंचं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, वय सत्तरच्या घरात. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. "तुझ्या तोंडाकडे बघितलं की तुझं तोंडच पुसलं जातं, आणि तुझे कान राहतात," असं त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. बारीक नक्षी त्यांना धुरासारखी वाटते. म्हणून त्या ठसठशीत चित्रं घेतात. कापड हातात धरून मान जरा वळवतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. हे कापड त्यांनी स्वतः दादरच्या हिंदमाता कापडबाजारात जाऊन निवडलं होतं. गडद निळ्यावर पिवळे-लाल कोंबडे, प्रत्येकाला पांढरी जाड रेघ, चोचीपासून पायापर्यंत नऊ इंच. "याचा तुरा मला दिसतो," म्हणाल्या.

कापड दोन मीटर, पन्हा म्हणजे रुंदी ४४ इंच. आदल्या दिवशी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं होतं. सुती कापड आटतंच, आणि दुकानदाराने तिरकं फाडलेलं सरळ करण्यात आणखी जातं. हातात राहिलं साधारण ७६ इंच. त्यावर मी तासभर पट्टी घेऊन बसले होते. कोंबडे उभ्या रांगांत होते, दोन रांगांत अकरा इंच अंतर, आणि शेजारची रांग अर्ध्या पायरीने खाली उतरलेली. एका रांगेतला कोंबडा दर १६ इंचांनी परत येत होता. मी ठरवलं, एक रांग बरोबर छातीच्या मध्यावर घ्यायची. कोंबडा सात इंच रुंद, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन. काकूंच्या छातीची टोकं मध्यापासून चार इंचांवर. म्हणजे टोकं मोकळ्या निळ्यावर येतात आणि बाजूच्या रांगा बगलेच्या शिवणीकडे जातात. पुढे पट्टी-बटणं नाहीत, नाहीतर कोंबडा उभा चिरला गेला असता. पुढचा भाग तीस इंच धरला की मागचा भाग ३२ इंचांच्या, म्हणजे सोळाच्या दुपटीच्या, खुणेपासून सुरू करायचा. दोन इंच कापड वाया जातं, पण दोन्ही भागांची सुरुवात एकाच जागी येते आणि बाजूच्या शिवणीत कोंबड्यांची उंची जुळते. बाजूला अठरा इंचांचा पट्टा उरतो, त्यात दोन्ही बाह्या सरळ बसतात. इतकं चोख बसलं होतं की मी खडूच्या खुणांचा फोटो काढून ठेवला.

मास्टर तीस वर्षांहून जास्त काळ कात्री चालवतात. त्यांच्यासारखी कॉलर आमच्या भागात कोणी बसवत नाही. पण त्यांच्या हाताला चार पदरी घडीची सवय आहे. अंगाच्या रुंदीपुरतं कापड उभं दुमडायचं, मग आडवं दुमडायचं, एका चतुर्थांशाचं माप टाकायचं, एका कात्रीत पुढचा आणि मागचा भाग मोकळा. नंतर पुढचा गळा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खोल करायचा. साध्या कापडाला उत्तम. पण आडवी घडी घातली की खालचा पदर उलटा होतो. वरच्या कोंबड्याचं डोकं वर, खालच्याचं खाली. हल्ली मोबाइलवर कटिंग शिकवणारे सगळे हीच घडी दाखवतात आणि छापाला डोकं-पाय असतात हे एका शब्दाने सांगत नाहीत, याचा मला फार राग येतो. शिकायला येणारी प्रत्येक मुलगी एक कापड असं वाया घालवूनच येते. मास्टरांनी माझ्या खुणा आतल्या बाजूला घेऊन घडी घातली होती. मीही पिशवीवर लिहिलं नव्हतं, तोंडी सांगून घरी गेले होते.

उरलेल्या कापडात मागचा भाग निघणं शक्य नव्हतं. बाह्या तेवढ्या सरळ निघत होत्या.

मास्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पाठ कोणालाच स्वतःची दिसत नाही. आणि त्यांना तर तसंही कुठे दिसतंय."

मी त्यांच्यावर ओरडले. दुकानात मी कधी आवाज चढवत नाही. "लोकांना दिसेल ना मास्टर! स्टेशनवर त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाला दिसेल आणि फक्त त्यांना दिसणार नाही." कोपऱ्यात तुरपाई करणारी मुलगी मान खाली घालून बसली. मास्टर चहाला निघून गेले.

दुपारची गाडी पकडून मी दादरला गेले. कापडाचा तुकडा हातात घेऊन हिंदमात्याची दुकानं पालथी घातली. कटपीसचा माल असाच असतो, संपला की संपला. निळं कुठेच नव्हतं. शेवटी एका आतल्या दुकानात तोच कोंबडा, तेवढाच मोठा, पण पिवळ्याधमक जमिनीवर मिळाला. एक मीटर घेतलं. परतीच्या गाडीत ते मांडीवर ठेवून विचार करत होते की काकूंना काय सांगायचं.

रात्री फोन केला आणि सरळ सांगितलं. चूक आमची आहे, मागचे कोंबडे उलटे कापले गेलेत, निळं मिळालं नाही, पिवळं आणलंय, नको असेल तर कापडाचे पैसे देते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

बुधवारी त्या आल्या. दोन्ही भाग हातात घेतले, मान वळवून एकेक कोपऱ्यातून बघितला, तळव्याने चाचपला. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. मग सांगितलंस का?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "काकू, ते उलटं आहे म्हणून." याच्यापुढे मला काही सुचलं नाही. त्या हसल्या, पिवळ्या भागावर हात ठेवून म्हणाल्या, "पाठ ही लाव. पुढे निळं, मागे पिवळं. मला घालताना पुढचं-मागचं कळेल, तुझं ते आतलं बटण चाचपायला नको." त्यांच्या कपड्यांना मी मागच्या गळ्याला आतून एक चपटं बटण लावून देते, त्यावरून त्या बाजू ओळखतात. हे मला सुचलं नव्हतं.

टॉप छान झाला. खांद्याच्या शिवणीवर निळं आणि पिवळं भेटतं, आणि बाजूला कोंबडे बरोबर एका उंचीवर उभे आहेत, कारण पिवळा भाग मी स्वतः, एकाच पदरात, खडूच्या खुणेवर बेतला. गळ्याला निळी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावली.

त्या बुधवारी काकू निघताना दारात थांबल्या होत्या. "मागच्या वर्षीच्या माशांच्या टॉपात काही नव्हतं ना गं असं?"

मी म्हटलं, "नाही काकू."

त्या टॉपाला डाव्या बाजूला खिसा आहे. चित्राच्या कापडावर खिसा लावणं ही खरी परीक्षा. हवाईच्या आलोहा शर्टांची पारख जाणकार खिशावरूनच करतात. चांगल्या शर्टात छाप असा तंतोतंत जुळलेला असतो की खिसा शोधावा लागतो. माशांच्या टॉपाला मास्टरांनी हाताला लागला तो तुकडा घेऊन खिसा लावला होता. मासा खिशाखाली डोकं घालतो आणि पलीकडून दुसऱ्या माशाची शेपटीच बाहेर येते. इस्त्री करताना मी ते बघितलं होतं. उसवायला दहा मिनिटं, जुळवून पुन्हा लावायला अर्धा तास. दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी त्या खिशावरून बोट फिरवलं आणि मनात म्हटलं, चालेल, त्यांना कुठे दिसतंय.

हेच शब्द होते. मास्टर मोठ्याने बोलले एवढंच.

काकूंना तो खिसा फार आवडतो. चाव्या, रुमाल, औषधाची डबी सगळं त्यात. तीन वेळा तरी त्याचं कौतुक केलंय त्यांनी.

शुक्रवारी त्यांनी तोच टॉप बाहीची शिवण उसवली म्हणून पाठवून दिला. रात्री दुकान बंद केल्यावर मी चिंध्यांची पोती उपसली. मोठ्या छापाच्या चिंध्या मी वर्ष-दीड वर्ष टाकत नाही. माशांचे पाच तुकडे मिळाले. खिशाला मायेसकट, म्हणजे आत दुमडायच्या कापडासकट, साडेसहा बाय सात इंच लागतं, आणि त्यातही मासा नेमक्या जागी हवा. चार तुकड्यांत बसत नाही. पाचव्यात मासा बरोबर येतो, पण वरची माया अर्धा इंच कमी पडते. वर आतून साधी निळी पट्टी जोडली तर होईल.

मास्टरांशी मी अजून नीट बोललेले नाही. काकू सोमवारी टॉप न्यायला येणार आहेत.